शिवेच्या अलीकडे

चैतीचा डावा हात बांगडीत जाईना, तेव्हा आधी मला तिचाच राग आला. बाजाराचा दिवस, समोर बायकांचा घोळका, पलीकडे माझा नवरा मंसूर गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत बसलेला, आणि ही दाभोसा पाड्यावरची बाई हात ताठ धरून बसलेली. ‘ढिला सोड की गं, मी काय खाते का तुझा हात?’ मी खेकसलेसुद्धा. आम्ही मणियार. हात बघून माप सांगायचं, हा आमचा धंदा. चैतीचा हात तर तिच्या लग्नापासून माझ्या ओळखीचा, मापाला विचारायचीसुद्धा गरज नाही. उजव्या हातात बांगड्या सुळकन गेल्या. डाव्या हातात त्याच मापाच्या अंगठ्याच्या मुळाशी अडल्या. मी तेल लावलं, बोटं जुळवून दाबली, आणि दाबता दाबता माझा अंगठा तिच्या मनगटावर रुतला. काढला तर खळगा तसाच. मळलेल्या पिठात बोट रुतवावं तसा. तो भरून यायची मी वाट बघत राहिले आणि बाजाराचा सगळा गलका कानातून कुठेतरी लांब गेला. हा खळगा मी आधी बघितला होता. राबियाच्या हातावर.

राबिया माझी थोरली बहीण. तिचाही असाच एक हात सुजला होता आणि आमच्या घरात सगळे म्हणत होते, ‘दळून दळून सुजला असेल.’ चैतीही तेच म्हणाली, ‘भात झोडला ना, अकिलाबाय, तवा सुजला.’ अगं, भात काय एकाच हाताने झोडतात? मी मंसूरला दुकान बघायला सांगितलं, तिला दंडाला धरून मागच्या बोळात नेलं आणि पदर बाजूला केला. छातीवर हळदीचा आणि कसल्याशा पाल्याचा वाळलेला लेप. लेपाखाली कातडी आत ओढल्यासारखी झालेली, आणि त्याखाली दगडासारखी गाठ. ‘कधीपासून?’ मी विचारलं. ‘लय दिस झालं. दुखत नव्हता, मंग कोनाला सांगू?’ असं म्हणून ती लाजली. मरणाच्या दारात उभी राहून लाजली ती! माझं डोकंच फिरलं. ‘चल,’ म्हटलं, ‘डॉक्टरसाहेबांकडे.’ तिचा नवरा सुकऱ्या मिठाची पुडी हातात घेऊन आमच्या मागून चालायला लागला, काही न विचारता.

संस्थानच्या दवाखान्यातले डॉक्टर मुंबईत शिकलेले, भले माणूस. पण पाड्यावरची बोली त्यांना कळत नाही, आणि बायका परक्या पुरुषापुढे तोंड उघडत नाहीत. मी लहानपणापासून अम्मीबरोबर बांगड्यांची पेटी घेऊन पाड्यापाड्यांवर हिंडलेली, म्हणून बाई आली की ते मला हाक मारतात. ताप, खोकला, बाळंतपण, त्यातलं काय सांगायचं आणि कसं सांगायचं याची मला सवय आहे. त्या दिवशी मात्र पडद्यामागे त्यांनी सावकाश तपासलं. छाती बघितली. काख चाचपली. मग चैतीला आडवं व्हायला सांगून उजव्या बरगडीखाली बोटं दाबली आणि तिच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून पांढऱ्याकडे बघितलं. ते पांढरं पिवळट होतं. मला वाटलं, छाती सोडून हे पोटात काय शोधतात? आणि वाटतानाच दिसलं, शोधलेलं त्यांना सापडलं होतं. चेहऱ्यावरून कळतंच माणसाच्या.

बाहेर येऊन ते मला म्हणाले, ‘हा क्यान्सर आहे, अकिलाबी. आपल्याकडे कर्करोग म्हणतात. कर्क म्हणजे खेकडा.’ मी म्हटलं, ‘आमच्यात सरतान. तोही खेकडाच.’ त्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. ह्या बांगडीवालीला तो शब्द कसा ठाऊक, असं त्यांना वाटलं असेल. मला ठाऊक होता, कारण आमचे अब्बा, इदरीसमियाँ, राबियाच्या दुखण्यात एकदा एका हकिमाशी दाराआड बोलताना तो शब्द कुजबुजले होते, आणि मी पलीकडे तांदूळ निवडत होते. त्यानंतर तो शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नाही. जिला तो झाला होता तिला तर नाहीच नाही. राबिया शेवटपर्यंत ईदला शिरखुर्मा कसा करायचा ते ठरवत होती आणि आम्ही माना डोलवत होतो. तिची लेक लहान. तिला दुसऱ्या खोलीत ठेवलेली, घाबरेल म्हणून. राबिया म्हणायची, ‘आणा ना तिला जरा.’ अम्मी म्हणायची, ‘उद्या आणू, आज झोपलीय ती.’ एक दिवस तो ‘उद्या’ उजाडलाच नाही. त्या लबाडीचा मला अजून संताप येतो, घरातल्या एकेका माणसाचा संताप येतो, मेलेल्यांचासुद्धा.

डॉक्टर सांगत होते ते मी जीव लावून ऐकत होते. छातीतली ती मूळ गाठ, प्रायमरी. काखेत आहेत त्या तिच्यापासून झालेल्या, सेकंडरी. काखेतल्या गाठींनी वाट अडवली म्हणून हात सुजला. आणि आता यकृतातही. यकृत म्हणजे काय ते खाटकाच्या दुकानात मी रोज बघते, कलेजी. ‘ह्या पसरण्याला मेटास्टॅसिस म्हणतात,’ ते म्हणाले. मेटास्टॅसिस. मी तो शब्द तोंडात घोळवून बघितला. जिभेला कुठे धरायला जागाच नाही त्यात. ‘म्हणजे रोगाने मुक्काम हलवला?’ मी विचारलं. ‘नाही. मुक्काम हलवला असं नाही. पहिल्या जागी तो आहेच, वर नवीन जागाही धरली. यकृतात आहे ती गाठ यकृताची नाही, छातीचीच आहे. तिथे जाऊन रुजलेली.’ ‘राबात वाढवलेलं भाताचं रोप शेतात जाऊन लागतं तसं?’ ‘तसंच. फक्त ते कोणी नेऊन लावत नाही, आपणच जातं.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘छातीतच असतं तर मुंबईला पाठवून कापून काढायला सांगितलं असतं. आता सुरीचा उपयोग नाही. दुखण्यावर औषध देईन. तिला समजेल असं सांगा.’ तिला समजेल असं! वा रे वा. मोठाले शब्द त्यांनी स्वतःजवळ ठेवले आणि ते लहान करायचं काम माझ्याकडे.

पण मी सांगितलं. दवाखान्याच्या ओट्यावर चैतीला बसवून, तिचा तो सुजलेला हात माझ्या मांडीवर घेऊन, एकेक करून सांगितलं. गाठ आधी छातीत झाली. राबातून रोप जावं तशी काखेत गेली. तिथून पोटात, कलेजीत गेली. आता कापून निघायची नाही. दुखलं तर ही पुडी घ्यायची. चैतीने सगळं ऐकलं. रडली नाही, किंचाळली नाही. फक्त विचारलं, ‘आपली आपनच चालते ती?’ मी म्हटलं, ‘आपली आपण.’ तिने मान हलवली. सुकऱ्याकडे बघितलं, त्यानेही हलवली. आणि उठून दोघं चालू लागली. मी त्यांच्या पाठीकडे बघत बसले आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. हलकं वाटलं. वाटलं, आमच्या एवढ्या मोठ्या घराला जे जमलं नाही ते मी एका ओट्यावर बसून केलं. घरी येऊन मी मंसूरला सांगितलंसुद्धा, ‘किती धीराची बाई आहे बघ.’ ‘मरशील’ हा शब्द ना डॉक्टरांनी काढला होता ना मी. पण त्यात काढायचं काय? सरळ दिसतच होतं ना सगळं. मला दिसत होतं.

त्यानंतरच्या बाजाराला सुकऱ्या एकटाच आला. बांगड्यांच्या पुढ्यात उकिडवा बसला. ‘चैती कशी आहे?’ म्हटलं, तर म्हणाला, ‘घरात नाय येत. खळ्यावरच्या खोपटात बसलीय. कोनाला जवळ येव देत नाय.’ मला वाटलं, दुखण्याने जीव विटला असेल. पण पुढचं ऐकून माझा हात बांगड्यांवरच राहिला. त्यांची एकुलती एक लेक तानी, शिवेपलीकडे वावर गावाच्या अंगाला दिलेली. पहिलटकरीण. दिवस भरत आले म्हणून आईकडे आली, तर चैतीने तिला लांबूनच आरडून परत फिरवली. ती फिरेना तेव्हा ढेकळं मारली. पोरगी समोरच्या बांधावर बसून रडते, सांजेला चुलत्याच्या घरी जाते, सकाळी पुन्हा बांधावर येऊन बसते. ‘भगत म्हनाला, मी घालवतो आजाराला शिवेपार. तं त्याच्या अंगावर धावली. म्हनते, शिवेपार माझी पोर हाय.’ आणि मग सुकऱ्या माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने म्हणाला, ‘तूच बोलली ना, बाय. आजार चालतो म्हनून.’

माझ्या डोळ्यांपुढे ती टोपली आली. लहानपणी बघितली होती, अम्मीबरोबर पाड्यावर असताना. पटकीची साथ आली होती. पाड्यातल्या लोकांनी एका जुन्या टोपलीत केरसुणी, फुटकं सूप, अंडं आणि दिवा ठेवला, ढोल वाजवत शिवेपर्यंत नेली आणि तिथे टेकवली. त्या टोपलीत आजार बसलेला. आजार म्हणजे बया. ती पाहुणी येते, तिला मान द्यायचा आणि पुढे वाटेला लावायची. परतताना मागे बघायचं नाही. मग पलीकडच्या गावाने टोपली उचलायची आणि आपल्या शिवेबाहेर पोचवायची, तिथून पुढच्याने. अम्मीने माझे डोळे हाताने झाकले होते आणि मी बोटांच्या फटीतून बघितलं होतं. हे सगळं मला ठाऊक असलेलं. मी जन्म काढला ह्या लोकांत. आणि मी चैतीला सांगत बसले, गाठ इथून तिथे गेली, तिथून पुढे गेली! कर्म माझं. पाहुणी निघालीय एवढंच तिला कळलं असणार, आणि पुढचं घर कोणाचं, ते तिने स्वतःच जुळवलं.

आधी डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, ‘साहेब, एक सांगा. हा एकाचा दुसऱ्याला लागतो का?’ ‘नाही,’ ते म्हणाले. ‘भांड्याने? श्वासाने? पोटातल्या पोराला?’ ‘नाही, अकिलाबी. हा बाहेरून आलेलाच नाही. तिच्याच मांसाचा झालेला आहे. तिच्याच अंगात पसरेल. तिच्याबाहेर तो जगत नाही.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘तिच्याबरोबरच संपतो.’ मी दारातून वळले आणि पुन्हा आत गेले. ‘नक्की ना?’ हे मी चैतीसाठी विचारत नव्हते. राबियाला शेवटी मीच अंघोळ घालत होते. तेव्हापासून किती वर्षं मी चोळी बदलताना, केस धुताना नकळत काखेत बोट फिरवून बघते आणि कोणाला सांगत नाही. मंसूरलाही नाही. डॉक्टर म्हणाले, ‘नक्की.’ त्यांनी काही विचारलं नाही. भला माणूस, म्हटलं ना मी.

बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन सुकऱ्याबरोबर मी दाभोशाच्या वाटेला लागले. पेटी असली की लोक नसते प्रश्न विचारत नाहीत. मंसूर कुरकुरला, ‘तू हकीम आहेस का?’ मी म्हटलं, ‘नाही, पण घाण मी केलीय, निस्तरायला मीच जाणार.’ वाटेत सुकऱ्या पुढे, मी मागे. भात काढलेली शेतं उघडी पडलेली, वाटेवर धूळ, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा. चैतीची भीती घालवायची तर तिला काय सांगायला लागेल, ते मी उलटसुलट करून बघत होते. लागत नाही, एवढंच सांगितलं तर ती मानणार नाही. पटकी लागते, देवी लागते, सगळं लागतं, मग हीच का नाही? ती विचारणारच. का लागत नाही ते सांगायला गेले की त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं, आणि ते मला सुटं करता येईना. लेकीला दुखणं लागणार नाही, कारण ते तुझंच आहे, तुला सोडून जाणार नाही, तुला घेऊनच जाईल. एकाच घोटात दोन्ही. अम्मीने काय केलं असतं ते मला ठाऊक होतं. तिने म्हटलं असतं, ‘उतार पडतोय, बये, आण लेकीला जवळ.’ आणि चालता चालता मला पहिल्यांदा अम्मीची कीव आली. तोंडापर्यंत आलेलं गिळायचं म्हणजे काय असतं ते मला तिथे कळत होतं. राग गेला नाही. पण कीवही आली.

खळ्याच्या कडेला पेंढ्याचं खोपटं. चैती दारात बसलेली, गुडघे पोटाशी घेऊन. केवढीशी राहिली होती! पलीकडे, दोन शेतं सोडून, बांधावर तानी बसलेली. तिचं ते मोठं पोट लांबूनही दिसत होतं. मला बघताच चैती ओरडली, ‘तिथंच थांब, अकिलाबाय! पुढं नको येव.’ मी गेलेच. पेटी खाली ठेवली आणि तिच्याशेजारी बसले, अंगाला अंग लावून. ती सरकायला लागली तर तिचा हात धरला. तिच्याजवळ पाण्याचा तुंबा होता. मी तो उचलला आणि तिच्यासमोर तोंड लावून प्यायले. डॉक्टरांनी नक्की म्हणून सांगितलं होतं, माझा त्यांच्यावर विश्वास होता, आणि तरी तो पहिला घोट मी जरा वेळ तोंडातच धरला, मग गिळला. चैती बघत राहिली. ‘येडी झालीस काय?’ ती म्हणाली.

‘येडी तू. लेकीला ढेकळं मारतेस?’

‘मंग काय करू?’ ती एकदम उसळली. ‘छातीतून काखेत आली, काखेतून पोटात आली. आता पुढं कुठं जाल ती? पुढला पोट तिचा हाय. तिच्या पोटात आजून एक हाय. भगत म्हनतो शिवेपार घालवू. मी नाय घालवून देत. मी धरून बसलीय तिला हितं. रातचा डोळा लागला तरी दचकून उठते, निसटली तं नाय म्हनून.’

धरून बसलीय! खोपटात बसून ही बाई इतके दिवस एकटी, दुखणं अंगात धरून ठेवत होती, दार लावून घ्यावं तशी. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मी पुसल्या नाहीत. म्हटलं, ‘चैती, ऐक. ही टोपलीतली बया नव्हे. ती कुठून आली नाही आणि कुठे जायची नाही. ती तुझ्याच मांसाची झालीय. तुझ्याच अंगात हिंडते. अंगाबाहेर तिला वाट नाही.’

‘माझीच?’

‘तुझीच.’

ती विचार करायला लागली. मग एकेक विचारू लागली, अगदी बारकाईने, बाजारात भांडं वाजवून घ्यावं तसं. तानीने माझा उष्टा तुकडा खाल्ला तं? नाही. माझ्या वाकळेत निजली तं? नाही. मी तिच्या पोटावर हात ठेवला तं? नाही, चैती. पोराला मांडीवर घेतला तं? तरी नाही.

‘देवाची आन घे.’

‘अल्लाची शपथ.’

‘मंग मी जळले की ती कुठं जाल?’

हाच तो प्रश्न. सबंध वाटभर मी ह्याला टाळत आले होते. मला राबिया दिसली, शिरखुर्म्यात चारोळ्या किती घालायच्या ते सांगणारी. मी चैतीचा हात घट्ट धरला. ‘कुठे नाही,’ म्हटलं. ‘तुझ्याबरोबर जळेल. तू संपलीस की ती संपली.’

‘म्हंजी मी मरनार. आसाच सांगतेस ना?’

‘हो.’

‘ह्यानंच?’

‘हो, बाई. ह्यानेच. लवकरच.’

खळ्यावर सुकऱ्या पाठ करून उभा होता. त्याचे खांदे हलले. चैती मात्र हलली नाही. तिच्या छातीतून एक मोठा श्वास बाहेर पडला, ओझं उतरवल्यावर बाई सोडते तसा, आणि मग ती माझ्यावर अशी काही चिडली की मी मागे सरकले. ‘तवाच का नाय बोलली?’ तिने माझा दंड धरून हलवला. ‘दवाखान्यात बोलायचा ना सरळ, की बाय तू मरनार! इतके दिस पोरीला ढेकळं मारली मी. भरल्या पोटाच्या पोरीला. तुला कळत नाय काय?’ मी मान खाली घालून ऐकत राहिले. तोवर ती उठली होती. खोपटाच्या खांबाला धरून, एका हाताने बरगडी दाबून ती उन्हात आली आणि बांधाकडे तोंड करून तिने हाक मारली. हाक कसली, आवाज फाटलेला. तानी उठून उभी राहिली, पण जागची हलेना. कशी हलेल? तिला पुन्हा ढेकळं दिसत असतील.

‘ये गं, पोरी,’ चैती ओरडली, ‘ये, भिऊ नको. तुला काय नाय होत. मी मरतेय फक्त.’